जपानहून आणलेली प्रांतोप्रांतीची साके: निवडण्यापासून चव नोंदवण्यापर्यंत

जपानच्या प्रवासात एखाद्या गावी घेतलेली साके तिथे अतिशय आवडते, तिची बाटली आठवणीने घरी आणली जाते, काही महिने कपाटात राहते आणि पाहुणे आले की फरसाणाबरोबर उघडली जाते. त्या वेळी बहुतेकांचा अनुभव असा असतो की ती तिथल्यासारखी लागत नाही. हा मनाचा खेळ आहे असे समजून अनेक जण विषय सोडून देतात, पण या फरकाला खरी कारणे आहेत. बाटलीला लागलेली उष्णता व उजेड, पिताना असलेले तापमान, पेल्याचा आकार आणि सोबतचे खाणे यांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर आपल्याला ताबा ठेवता येतो. साके काळजीपूर्वक निवडली, नीट आणली आणि शांतपणे चाखली, तर ज्या पाण्यातून आणि ज्या थंडीतून ती घडली ते घरच्या टेबलावरही ओळखता येते. त्यासाठीची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

लेबलावरचे काय पाहायचे

साके हे तांदूळ आंबवून केलेले पेय आहे. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती तांदळातल्या पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करत असते. बाटलीत भरताना अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे 15 ते 16 टक्के असते. पाणी न मिसळलेली साके, जिला गेन्शू म्हणतात, याहून बरीच कडक लागू शकते, म्हणून ती घेताना हा आकडा आवर्जून पाहावा.

त्यानंतरची महत्त्वाची गोष्ट म्हणजे तांदळाला किती पॉलिश केले आहे. लेबलावर येणारा टक्का दाण्याचा उरलेला भाग सांगतो, घासून टाकलेला नव्हे. साकेचे प्रकार यावरूनच ठरतात: गिंजो या प्रकारासाठी 60 टक्के किंवा त्याहून कमी दाणा उरलेला असावा लागतो, दाईगिंजोसाठी 50 टक्के किंवा त्याहून कमी आणि होंजोझोसाठी 70 टक्के किंवा त्याहून कमी. जुनमाई म्हणजे फक्त तांदूळ, कोजी आणि पाणी. तिच्यासाठी पॉलिशची अशी अट 2004 पासून उरलेली नाही. होंजोझोमध्ये थोडे शुद्ध अल्कोहोल बाहेरून घातलेले असते. हे ऐकून अनेक जण नाक मुरडतात, परंतु मर्यादित प्रमाणात घातलेले हे अल्कोहोल गंध मोकळा करते आणि चव हलकी ठेवते, त्यामुळे केवळ या कारणाने चांगली होंजोझो नाकारणे मला योग्य वाटत नाही.

दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जास्त असतात. ते घासून काढले की फळांसारखे नाजूक गंध वर येतात; ते राहू दिले की धान्याची भरीव चव मिळते. म्हणूनच जास्त पॉलिश म्हणजे जास्त चांगली साके हे समीकरण खरे नाही. भेट म्हणून महागडी दाईगिंजो आणण्याकडे सर्वांचा कल असतो, पण प्रांताची ओळख पुष्कळदा साध्या जुनमाईतच अधिक स्पष्ट सापडते.

लेबलावर कधी कधी अधिक किंवा उणे चिन्हासह एक आकडा असतो, त्याला निहोनशुदो म्हणतात. उणे आकडा गोडीकडे आणि अधिक आकडा ड्राय चवीकडे झुकतो. मात्र त्याच्या शेजारी छापलेला आंबटपणाचा आकडाही वाचावा, कारण आंबटपणा जास्त असला की तेवढ्याच साखरेची साके कमी गोड लागते. तारीख जपानी सम्राटाच्या कालगणनेत असू शकते. रेइवा पर्वाच्या वर्षात 2018 मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे रेइवा 7 हे 2025 होय. शक्यतो अलीकडच्या महिन्यांतली बाटली घ्यावी.

प्रवास सोसणारी बाटली कोणती

बहुतेक साके बाटलीत भरण्याआधी आणि साठवण्याआधी अशी दोनदा तापवून निर्जंतुक केलेली असते. या क्रियेला हीइरे म्हणतात. अशी बाटली लांबचा प्रवास बऱ्यापैकी सोसते. न तापवलेली साके म्हणजे नामा. तिची ताजी, रसरशीत चव मोह पाडणारी असते, पण तिच्यातले एन्झाइम सक्रिय असतात आणि ती सतत फ्रीजमध्येच ठेवावी लागते. टोकियोतून सुटून मुंबईच्या बेल्टवर येईपर्यंत आणि तिथून पुढे पुण्या-नाशिकच्या टॅक्सीत तिला ही थंडी मिळत नाही. म्हणून नामा तिथेच प्यावी आणि घरी तापवलेली आणावी, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. दुकानदाराने बाटली काचेच्या थंड कपाटातून काढून दिली तर ‘जोओन देमो दाईजोबु देस का’ असे विचारावे. साध्या तापमानाला ठेवली तर चालेल का, असा त्याचा अर्थ आहे आणि उत्तर मानेच्या हालचालीवरूनही कळते.

पांढरट, गढूळ निगोरी साकेच्या काही बाटल्यांत आंबण्याची क्रिया चालू असते. त्यांच्या झाकणाला वायू बाहेर पडण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. अशी बाटली सुटकेसमध्ये आडवी पडली की कपडे भिजणार हे नक्की, त्यामुळे झाकण बारकाईने पाहिल्याशिवाय निगोरी घेऊ नये.

शक्य असेल तिथे विकत घेण्याआधी चाखावे. निईगाता प्रांतात एचिगो-युझावा आणि निईगाता या रेल्वे स्थानकांवर पोंशुकान नावाची जागा आहे. तिथे भिंतीला लागून यंत्रांची रांग असते, नाणे टाकले की लहानशा पेल्यात त्या प्रांतातल्या एकेका कारखान्याची साके येते, आणि जिभेवर ठेवायला तऱ्हेतऱ्हेचे मीठ मांडलेले असते. एकाच प्रांतातल्या साके एकमेकींपासून किती वेगळ्या असू शकतात हे समजायला याहून सोपी जागा मला माहीत नाही. हिरोशिमाजवळचे साइजो आणि डोंगरातले ताकायामा या गावांत जुने कारखाने चालत फिरता येतील इतके जवळजवळ आहेत. दारावर देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला दिसला की तो साकेचा कारखाना समजावा. हिवाळ्यात नवी साके निघाली की हिरवा गोळा लावतात आणि वर्षभरात तो तपकिरी होत जातो. जपानमध्ये मद्यासाठी वयाची अट 20 वर्षांची आहे, आणि गाडी चालवणार असाल तर घोटभरही चालत नाही.

सामान आणि कायदा

परदेशाहून भारतात येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. साकेची नेहमीची बाटली 720 मिलिलिटरची असते, मोठी 1.8 लिटरची, लहान 300 आणि 180 मिलिलिटरच्या. एकच मोठी बाटली घेतली की जवळपास सगळी मर्यादा संपते. त्याऐवजी 720 च्या दोन, 300 ची एक आणि 180 ची एक घेतली तर एकूण 1,920 मिलिलिटर होतात आणि चार वेगवेगळ्या चवी घरी येतात. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, हे इथल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

भरलेली 720 ची बाटली काचेसह सव्वा किलोच्या आसपास भरते. झाकणावर चिकटपट्टी लावावी, बाटली बबल रॅपमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत घालावी आणि सुटकेसच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे येतील अशी ठेवावी. हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या वरचे द्रव चालत नाही. विमानतळावरच्या करमुक्त दुकानातली सीलबंद पिशवी चालते, पण दिल्लीत उतरून मुंबईचे देशांतर्गत विमान पकडायचे असेल तर तीही पुन्हा सुटकेसमध्ये जायला हवी. म्हणून सुटकेसमध्ये आधीपासूनच थोडी जागा राखून ठेवावी.

घरी आल्यावर

उष्णता आणि उजेड हे साकेचे दोन मोठे शत्रू आहेत. वाइनमध्ये सर्रास वापरतात तशी सल्फाइट साकेत घालत नाहीत, त्यामुळे तिला सांभाळून ठेवणारे काहीच नसते. उजेडात राहिलेल्या साकेला जळकट, उग्र वास येतो आणि तपकिरी काचेपेक्षा पारदर्शक काचेत हे फार लवकर घडते. उन्हात राहिली तर काही तासही पुरतात. उष्णतेत दीर्घकाळ राहिलेल्या साकेला मुरलेल्या मुळ्याच्या लोणच्यासारखा गंधकाचा वास धरतो. शोकेसमध्ये दिव्याखाली मांडलेली बाटली म्हणूनच सर्वांत लवकर वाया जाते. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये उभी ठेवावी. आडवी ठेवल्याने द्रवाचा झाकणाशी आणि हवेशी संपर्क वाढतो. न उघडलेली, तापवलेली साके अशी काही महिने सुखाने राहते. उघडल्यावर मात्र एक-दोन आठवड्यांत संपवावी. नाजूक गंधाची गिंजो पहिल्या काही दिवसांतच उतरू लागते, तर यामाहाईसारखी (जुन्या, संथ रीतीने केलेली, जिच्याविषयी पुढे येईल) भरीव साके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक खुललेलीही आढळते.

चाखण्याची तयारी

चाखण्यासाठी जेवणाआधीची वेळ निवडावी. घरात हिंगाची फोडणी, उदबत्ती किंवा अत्तर दरवळत असेल तर गिंजोचा गंध कळणेच शक्य नाही. स्वयंपाकघरापासून लांब, खिडकी उघडी असलेल्या खोलीत बसावे. जपानमध्ये तपासनीस पांढऱ्या चिनी मातीचा, तळाशी दोन निळी वर्तुळे असलेला पेला वापरतात. पांढऱ्यावर रंग कळतो आणि निळ्या कडा किती धारदार दिसतात यावरून स्वच्छता कळते. घरी पांढरा चिनी मातीचा कप आणि वाइनचा लहान ग्लास अशी जोडी पुरेशी आहे: रंगासाठी कप, गंधासाठी ग्लास. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तमच. शेजारी साध्या पाण्याचा मोठा पेला हवा आणि प्रत्येक साकेनंतर तेवढेच पाणी प्यायला हवे.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त बाटल्या घेऊ नयेत आणि प्रत्येकीचे 30 ते 40 मिलिलिटर पुरेत. क्रम हलकीकडून भारीकडे असा ठेवावा, कारण यामाहाईनंतर गिंजो पाण्यासारखी लागते.

घोट घेताना

आधी रंग पाहावा. फिकट पिवळी छटा हा दोष नाही. कोळशाने गाळणे टाळलेली किंवा थोडी मुरवलेली साके अशीच दिसते. त्यानंतर ग्लास न हलवता वास घ्यावा आणि मग अलगद फिरवून पुन्हा. इथे आपल्या ओळखीच्या वस्तूंची नावे निःसंकोच वापरावीत, जपानी पुस्तकांतली फळे शोधत बसू नये. गिंजोतला केळ्याचा गंध आयसोअमाइल अ‍ॅसिटेटमुळे येतो, तर सफरचंदाचा आणि बडीशेपेकडे झुकणारा गंध एथिल कॅप्रोएटमुळे. जुनमाईत नुकताच वाफ जिरलेला भात, तांदळाची पिठी, पेज सापडतात. यामाहाईत ताक, साय, सुकी अळंबी येतात. वर्षानुवर्षे मुरवलेल्या कोशूमध्ये गुळाबरोबर भाजलेल्या मेथीदाण्याचा वास येतो, आणि हा भास नव्हे: सोटोलोन हे एकच द्रव्य मेथीत आणि मुरलेल्या साकेत दोन्हीकडे असते.

त्यानंतर चमचाभर साके तोंडात घेऊन जिभेवर सगळीकडे पसरू द्यावी, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी आणि श्वास नाकावाटे सोडावा. नाकाने घेतलेला वास आणि तोंडात उमटलेला वास यांत पुष्कळदा फरक असतो. तो टिपण्यासारखा आहे. गोडी आधी येते की आंबटपणा, मध्ये उमामी म्हणजे डाळीच्या कटासारखी भरीव रुची किती आहे, गिळल्यावर चव चटकन तुटते की रेंगाळते, हे क्रमाने पाहावे. चवीच्या या शेवटाला जपानी लोक किरे म्हणतात आणि जेवणाबरोबरच्या साकेत ते तिला फार मोल देतात.

तापमानाची पायरी वगळू नये

एकच साके तीन तापमानांना चाखणे ही या सगळ्या पद्धतीतली सर्वांत शिकवणारी गोष्ट आहे. जपानीत 5 अंशांपासून 55 अंशांपर्यंतच्या टप्प्यांना स्वतंत्र नावे आहेत. 40 अंशांना नुरुकान म्हणतात, 50 ला आत्सुकान. घरी 10, 20 आणि 42 अंशांच्या आसपास चाखले तरी पुरते. गरम करण्यासाठी पाणी उकळून गॅस बंद करावा, साके लहान स्टीलच्या पेल्यात ओतून तो पेला त्या पाण्यात गळ्यापर्यंत ठेवावा आणि थर्मामीटर पाहत राहावे. थोड्याच मिनिटांत ती हवी तेवढी कोमट होते. थेट आचेवर कधीही ठेवू नये, त्याने गंध उडतो आणि अल्कोहोल टोचू लागते.

तीन प्रांत, तीन बाटल्या

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवण्यासाठी तिन्ही तापवलेल्या आणि भेट म्हणून सहज मिळणाऱ्या बाटल्या निवडल्या आहेत.

निईगाताच्या नागाओका शहरातली कुबोता सेन्जू 1985 मध्ये बाजारात आली. या प्रांतात बर्फ भरपूर पडतो, वितळलेल्या बर्फाचे पाणी मृदू असते, हिवाळ्यातली थंडी आंबवण्याची गती संथ ठेवते आणि इथला गोह्याकुमांगोकू जातीचा तांदूळ स्वच्छ, हलकी चव देतो. 10 अंशांना तिचा गंध मंद असतो, किंचित केळे आणि तांदळाची पिठी एवढाच. घोट पाण्याइतका सरळ जातो आणि चव अगदी झटकन तुटते, इतकी की पहिल्या खेपेला अनेकांना ‘हिच्यात आहे काय’ असे वाटते. पण तीच 40 अंशांना घ्या: दबलेला भात वर येतो, मध्ये हलकी गोडी उमटते आणि शेवट तेवढाच स्वच्छ राहतो. हिला मिठात भाजलेल्या पापलेटाची किंवा साध्या वरणभातासारख्या सौम्य अन्नाची सोबत मानवते; मसाल्याच्या रश्श्यापुढे ती हरवते.

साइजोच्या कामोत्सुरूची गोल्ड दाईगिंजो 1958 पासून विकली जाते आणि बाटलीत फुलाच्या आकाराचे सोन्याचे वर्ख तरंगत असतात. वर्खामुळे तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते, हा तिच्यावर अन्याय आहे. मृदू पाण्यात यीस्टला पोषण कमी मिळते आणि आंबण्याची क्रिया अडखळते, म्हणून हिरोशिमात साके करणे एके काळी अवघड समजले जाई. मिउरा सेन्झाबुरो यांनी 1898 मध्ये मृदू पाण्यात, कमी तापमानाला, संथपणे आंबवण्याची रीत मांडली आणि पुढच्या गिंजोचा पाया तिथे घातला गेला. ही माहिती मनात ठेवून चाखली की तिचा गोलसर, मऊ स्पर्श आणि खरबुजासारखा गंध वेगळाच अर्थ घेतो. ती 12 ते 15 अंशांना सर्वांत छान लागते. गरम केल्यावर गंध पातळ होतो, त्यामुळे ती थंडच घ्यावी. 180 मिलिलिटरच्या गोल बाटलीतही मिळते, भेटीसाठी ती सोयीची.

तिसरी इशिकावा प्रांतातल्या हाकुसान शहरातली तेन्गुमाई यामाहाई जुनमाई, आणि माझे मन सर्वांत जास्त हिच्यातच रमते. साकेच्या विरजणात, म्हणजे यीस्ट वाढवण्यासाठी आधी केलेल्या छोट्या घोळात, लॅक्टिक आम्ल लागते, कारण ते नको असलेल्या जंतूंना दूर ठेवते. आज बहुतेक ठिकाणी ते तयार आणून घालतात आणि विरजण दोन आठवड्यांत होते. जुन्या किमोतो रीतीत हवेतल्या आणि कारखान्यातल्या जिवाणूंना ते तयार करू दिले जाई. त्यासाठी कडाक्याच्या थंडीत रात्री-बेरात्री लांब दांड्यांनी भात घोटावा लागे. हे घोटणे वगळले तरी चालते हे 1909 मध्ये दाखवून दिले गेले आणि त्या रीतीला यामाहाई म्हणतात. तिला तरीही महिनाभर लागतो, आणि त्या महिन्यातच चवीचे हे थर साठतात.

पांढऱ्या कपात तिचा रंग फिकट सोनेरी दिसतो. 10 अंशांना ती मिटलेली आणि थोडी तुरट असते, 20 अंशांना ताक, काजू आणि अळंबी यांचा वास वर येतो. 45 अंशांना मात्र ती पूर्ण उमलते: आंबटपणा आधी जिभेच्या कडांना जाणवतो, मागून भाजलेल्या धान्याची गोडी येते आणि गिळल्यावरही कडांशी ओलसर, भरीव रुची बराच वेळ राहते. हिच्याबरोबर कोकणातल्या तिसऱ्यांचे सुके अप्रतिम जमते. तिसऱ्यांत आणि साकेत सक्सिनिक आम्ल असते, शिंपल्यांची ती खास रुची त्याचीच. फक्त मिरची बेताची हवी आणि ओल्या खोबऱ्याचा हात सढळ. तळलेल्या बांगड्याचा तेलकटपणाही ही साके सहज कापते.

हाकुसानच्या साकेला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. याच इशिकावात उत्तरेला नोटो द्वीपकल्प आहे, जिथल्या कुशल साकेकारांनी जपानभर यामाहाईची रीत जपली. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात तिथले अनेक कारखाने मोडून पडले आणि काहींनी इतर प्रांतांतल्या कारखान्यांच्या जागेत आपली साके करणे चालू ठेवले. इशिकावातल्या कानाझावा शहराला गेलात तर नोटोची एखादी बाटली जरूर शोधावी.

इतर प्रांतांबद्दल थोडक्यात: ह्योगोतल्या नादाचे मियामिझू हे पाणी खनिजयुक्त आहे, तिथली साके ताठ आणि ड्राय लागते. क्योतोतल्या फुशिमीची त्यामानाने मऊ असते. कोचीची साके स्वच्छ ड्राय आणि मासळीसाठी तयार असते. ओकायामात ओमाची तांदळाची जुनमाई मिळाली तर ती सोडू नये. तिच्यातली मातकट भरीवता दुसऱ्या तांदळात सहसा सापडत नाही.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक बाटलीसाठी वहीचे एक पान ठेवावे. वर प्रांत, कारखाना, प्रकार, पॉलिशचा टक्का, लेबलावरची तारीख आणि उघडल्याची तारीख लिहावी. खाली तिन्ही तापमानांचे वेगळे परिच्छेद करावेत आणि ‘छान’, ‘उत्तम’ यांसारखे शब्द टाळून केवळ जाणवलेल्या वस्तू लिहाव्यात. जपानमध्ये चाखतानाच फोनवर दोन ओळी टिपून ठेवल्या असतील तर घरी चाखून होईपर्यंत त्या वाचू नयेत, म्हणजे आधीच्या मताची छाया पडत नाही. दोन्ही नोंदी मग शेजारी ठेवाव्यात. गंध कमी भासला असेल तर पेला आणि तापमान तपासावे. मुळ्याच्या लोणच्याचा वास आला असेल तर बाटली कुठेतरी तापली आहे. आंबटपणा अधिक वाटला असेल तर सोबत काय खाल्ले ते पाहावे. तिसऱ्या दिवशी उरलेली साके पुन्हा चाखून त्याच पानावर चौथा परिच्छेद लिहावा. शेवटी 100 मिलिलिटरच्या आसपास उरली आणि फिकी पडली असेल, तर तिसऱ्यांच्या पुढच्या खेपेला वाफ काढताना पाण्याऐवजी ती घालावी.